इनासची माफी

गोव्यात साष्टीतल्या आंबेमळात पाव विकत मिळतो आणि शिव्या फुकट, असं नव्या पाहुण्याला बसमधून उतरतानाच सांगून ठेवतात. पाहुणा हसतो. मग सकाळी पावाच्या भट्टीवर जातो. इनास पोदेर, म्हणजे तिथला पाववाला, मान डावीकडे झटकतो, डोळे मिचकावतो आणि त्याच्या तोंडावर "रांडेच्या!" म्हणून ओरडतो, तेव्हा पाहुण्याचं हसू जागच्या जागी विरतं. इनासच्या हातात तेवढ्यात गरम उंडे, गोल पाव, आलेले असतात. ते तो कागदात बांधून पुढे करतो. चेहरा असा पडलेला, की पाहणाऱ्याला वाटावं शिवी यालाच कोणी दिली. "माफ..." एवढं तो म्हणतो न म्हणतो तोच मागं उभा असलेला कोणी गाववाला घाईघाईनं मध्ये पडतो. "काही नाही हो, आजार आहे त्याला. मनावर घेऊ नका. दे रे इनास, पाव दे."

इनासची माफी आयुष्यात 'माफ'च्या पुढे फारशी गेलीच नव्हती. गाव तिला पुढे जाऊच देत नसे.

हे सुरू झालं तो शाळेत जायला लागल्यावर. आधी नुसते डोळे मिचकायचे. मग मान झटकू लागली, मग घशातून कुत्र्यासारखा आवाज, आणि एके दिवशी प्रार्थनेला सगळी मुलं हात जोडून उभी असताना त्याच्या तोंडून असा शब्द सुटला की मास्तरांनी छडी मोडेपर्यंत मारलं. छडी मोडल्यावर तोच शब्द परत आला. घरी आईनं जिभेवर मिरची ठेवली. त्यानं काही झालं नाही, म्हणून दृष्ट काढली. मग चर्चच्या फेस्ताला, म्हणजे जत्रेला, नवस बोलली, मेणाची जीभ वाहिली, एका म्हाताऱ्यानं भूत आहे म्हणून सांगितलं तेव्हा त्याच्याकडेही नेलं. भुताला शिव्या घालायचं काम त्या म्हाताऱ्याचं, पण तिथे इनासनं त्यालाच अशा घातल्या, की म्हातारा म्हणाला, हे माझ्या आवाक्यातलं नाही.

बाप शहाणा होता. त्यानं देवही केला नाही नि दैवही केलं नाही. पोराला पिठाच्या परातीपुढे बसवलं. हात मळण्यात गुंतले की तोंड जरा थांबतं, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. गाण्याचंही तसंच. इनास गायला लागला की मान सरळ, डोळे शांत, सूर मधासारखा. गाणं संपलं की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

आजाराचं नाव कळायला तो मिसरूड फुटल्या वयाचा व्हावा लागला. पणजीला एक नवी डॉक्टरीणबाई आली होती. तिनं अर्धा दिवस त्याच्याशी गप्पा मारल्या, तेवढ्यात अनेक शिव्या खाल्ल्या आणि मग आईला आणि थोरल्या बहिणीला, पिदादला, आत बोलावलं. "याला टुरेट म्हणतात. मेंदूतली गोष्ट आहे. शिंक दाबली तरी परत येते ना, तसं. बहुतेकांना नुसते झटके येतात, आवाज निघतात. थोड्यांच्याच तोंडून शिव्या येतात. तुमचा मुलगा त्या थोड्यांतला."

"नशीब बघा," पिदाद म्हणाली, "सोडतीत कधी आमचा नंबर लागला नाही, तो इथे लागला."

"आणि एक. जे अगदी बोलायचं नाही, ज्यानं समोरच्याला लागेल, तेच नेमकं बाहेर पडतं. तो घाबरला की जास्त. त्याच्या मनात तसं असतं म्हणून नाही."

घरी आल्यावर आईनं इनासला तोंड उघडायला लावलं आणि जिभेवरून बोट फिरवलं, मिरच्यांचे वळ अजून तिथे असतील तसं. मग पदर तोंडाला लावून आत गेली.

नाव कळलं म्हणून रोग गेला नाही. आणि रोगातून आली म्हणून शिवी ऐकणाऱ्याला गोड लागत नाही, हेही खरं. एर्मेलिंद नावाच्या मुलीशी त्याचं ठरत आलं होतं. तिला त्याची सगळी कल्पना होती, ती तयार होती. बोलणी करायला तिची आई आली, तिच्या एका डोळ्यात फूल होतं, आणि इनासनं तिला उंबऱ्यावरच "काणी!" म्हटलं. एकदा नाही, बसली होती तोवर. एर्मेलिंद रडली, पण आईला सोडून आली नाही, आणि का यावं तिनं? शेजारच्या साराफीनचा नवरा गेला तेव्हा शवपेटी खाली सोडताना सगळे गप्प झाले आणि इनास ओरडला, "बरं झालं मेला!" साराफीननं त्यानंतर आंबेमळचा पाव तोंडात घातला नाही. तिचा पाव शेजारच्या गावाहून यायचा, बसच्या ड्रायव्हरजवळ. इनासला रोज ती बस दिसायची.

पण गाव वाईट नव्हतं. मी तर म्हणेन, असं गाव शोधून सापडायचं नाही. इनास सायकलवर पाव घेऊन भोंगा वाजवत फिरायचा, त्या वेळी लोकांनी आपणहून फाटकाला पिशव्या अडकवून ठेवायला सुरुवात केली. पाव पिशवीत टाकायचा नि पुढे जायचं, कोणाच्या तोंडासमोर यायला नको, त्याला लाजायला नको. मिसेला, रविवारच्या प्रार्थनेला, तो चर्चच्या बाहेरच्या पडवीत बसायचा, तर पाद्रींनी तिथे त्याच्यासाठी एक भोंगा लावून घेतला, आतलं सगळं ऐकू येईल असा. आणि जाकीन व्हायोलिनवाल्यानं तर कमालच केली. वाटेवरच्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, संध्याकाळची लदाईन असते, सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, त्यात इनासचा आवाज गावाला हवाच असायचा. गाताना तो ठीक. पण दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत त्याचं काही खरं नसे. म्हणून जाकीन मध्ये थांबायचाच नाही. एक गाणं संपलं की तो हळू आवाजात तारेवर गज ओढत राही, दुसरं सुरू होईपर्यंत, आणि त्या सुरावर इनास गुणगुणत राही. कोणी ठरवलं नव्हतं. बाहेरगावच्या व्हायोलिनवाल्यांना ही आंबेमळची तऱ्हा वाटायची.

इनासला या सगळ्याचं ऋण फार वाटायचं. रोज झोपताना तो देवापुढे एकेकाचं नाव घेई, पाद्री ल्यूसियो, जाकीन, पिशव्या अडकवणाऱ्या बायका, आणि सगळ्यांत आधी पिदाद. पिदादचा नवरा बोटीवर होता, तो तिकडेच वारला, तेव्हापासून ती माहेरी येऊन भावाचा संसार सांभाळत होती. इनासचं जेवण, इनासचे कपडे, इनासच्या वतीनं दिलगिरी, सगळं तिच्याकडे. तो कोणाला काही बोलला की तो "माफ" म्हणेपर्यंत पिदाद त्या माणसाच्या अंगणात पोचलेलीही असे.

बाप गेल्यावर भट्टीला माणसं मिळेनात. गोव्याच्या पोरांना आता भट्टी नको, बोट हवी. तेव्हा गदगकडचा मल्लप्पा आला. त्याच्यामागून त्याची बायको हनमव्वा आणि त्यांची लहानगी मुलगी. मल्लप्पा भोंगा घेऊन सायकलवर फिरू लागला आणि हनमव्वा पीठ चाळू लागली, उंडे वळू लागली. तिच्या हातचे उंडे इतके गोल यायचे की इनास एकेक फिरवून बघायचा. सकाळी तो तिला "रांडे!" म्हणायचा, ती "आले, पात्रांव", म्हणजे मालक, म्हणायची आणि परात पुढे ओढायची. एकदा त्यानं माफी मागायला तोंड उघडलं, तर मल्लप्पाच म्हणाला, "राहू द्या पात्रांव, तिला ठाऊक आहे." हनमव्वा काही बोलली नव्हती.

त्या पावसाळ्यानंतर तिची मुलगी तापानं आजारी पडली. दिवसचे दिवस ताप उतरेना. हनमव्वानं दवाखाना केला, आपल्या देवीला बोलली आणि वाटेवरच्या खुरसालाही बोलली, पोर उठली तर मेणबत्ती लावीन. आमच्याकडे खुरसाला सगळेच बोलतात, त्यात कोणाचा धर्म कोणी विचारत नाही. पोर उठली.

त्याच सुमाराला खुरसाच्या लदाईनची पाळी इनासच्या घरावर आली. ज्याची पाळी त्यानं फुलं आणायची, चणे उकडायचे, फेणी आणायची, आणि पहिली मेणबत्ती त्याच्या घरच्यानं लावायची. तो मान. इनास म्हणाला, "यंदा पहिली मेणबत्ती हनमव्वा लावेल. तिचा नवस आहे. भट्टीची माणसं म्हणजे घरचीच."

पिदाद चणे ढवळत होती. पळी तशीच हातात धरून ती वळली. "आईच्या माघारी ती मेणबत्ती मी लावते. आता घांटी लावणार? आमच्या घरचा मान घांट्यांना?"

घाटावरून पोटासाठी गोव्यात आलेल्या माणसाला इथे पाठीमागे घांटी म्हणतात. तोंडावरही म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द नवा नसावा, थोड्याफार फरकानं तो त्याच्याही वाट्याला आलेला आहे. इनासनं तो कधी उच्चारला नव्हता. पण कान काही त्याच्या ताब्यात नव्हते.

"पिदाद, असं नको म्हणू," तो म्हणाला.

"मी काय तिच्या तोंडावर म्हणते आहे? लावू दे बाबा, लावू दे. तुझी पाळी, तुझा खुरीस."

संध्याकाळी तो शब्द त्याच्या घशाशी येऊन बसला. त्यानं तो गिळला. फुलं लावताना गिळला, बाकं मांडताना गिळला. लदाईन सुरू झाली नि गाण्यात तो विसरला. मग मेणबत्तीची वेळ आली. हनमव्वा नवं लुगडं नेसून, मुलीचा हात धरून पुढे झाली. आणि जाकीननं, पंचवीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. दुसऱ्या धर्माची बाई नवस फेडायला आली आहे, तिचा मान राखावा म्हणून त्यानं गज खाली घेतला. त्याचं पाहून सगळे उठून उभे राहिले, पुरुषांनी टोप्या काढल्या. अशी शांतता त्या खुरसापुढे कधी झाली नव्हती. चांगल्या मनानंच केली सगळ्यांनी.

हनमव्वा वाकली, काडी ओढली, आणि इनास ओरडला, "घांटी! बाहेर हो, घांटी!"

मागल्या भिंतीजवळ दोघे खुदकन हसले. पिदाद पुढे धावली, "मनावर घेऊ नको गो, तुला माहीत आहे ना तो कसा आहे." हनमव्वानं काडी विझू दिली नाही. मेणबत्ती लावली, बसवली, हात जोडले, मुलीला जोडायला लावले. आणि चणे न घेता मुलीला कडेवर उचलून निघून गेली. इनास अजून ओरडतच होता. जाकीननं घाबरून व्हायोलिन उचललं, पण त्याला सूर सापडेना.

दुसऱ्या दिवशी हनमव्वा कामाला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मल्लप्पा आला, कामं केली, बोलला नाही. शेवटी इनासनंच विचारलं तेव्हा तो सायकलीची साखळी लावत म्हणाला, "फोंड्याकडे एक भट्टी आहे, पात्रांव. बोलावताहेत. रविवारनंतर बघू म्हणते ती."

"ती म्हणते?"

"मी तर राहिलो असतो," मल्लप्पा म्हणाला. "पण उंडे ती वळते, घर ती चालवते. आणि तुम्ही ओरडलात ते तिच्या हातात मेणबत्ती असताना."

माणसं गेली तर भट्टी बंद पडेल, हे इनासच्या डोक्यात आलंसुद्धा नाही. एक बाई आपल्यामुळे गाव सोडून चालली आहे, आणि ती तशीच गेली तर तिच्या लेखी आपण तो शब्द मनापासून म्हटला, असंच आयुष्यभर राहील, एवढंच त्याला दिसत होतं. तिची माफी मागायची होती. पण मागणार कशी? तिच्यासमोर उभा राहिला की भीती वाटणार, आणि भीती वाटली की तोच शब्द येणार. जखमेवर मलम लावायला जायचं आणि हातात सुरी घेऊनच जायचं.

तो पाद्री ल्यूसियोंकडे गेला. पाद्रींनी त्याला खुर्ची दिली, स्वतः पायरीवर बसले.

"मला पापाची कबुली द्यायची आहे," इनास म्हणाला. "भाडखाव! त्या बाईला मी सगळ्यांसमोर..."

"तुझं पाप नाही ते, इनास. कितीदा सांगू? मनाशिवाय पाप नसतं. तू निर्दोष आहेस."

"मग तिला लागलं ते कोणाचं?"

पाद्री चांगला माणूस. नाही ते उत्तर त्यांनी बनवून दिलं नाही. "ते मला ठाऊक नाही," म्हणाले. "जा तिच्याकडे." इनासनं त्याबद्दल त्यांचं नाव त्या रात्री पिदादच्याही आधी घेतलं.

जाकीनला कळलं तसा तो व्हायोलिन काखेत मारून आला. चूक आपली, शांतता आपण केली, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. "मी येतो मरे तुझ्याबरोबर. मी वाजवतो, तू गा. गाताना तुझं तोंड शहाण्यासारखं वागतं. गाऊन माफी माग."

"माफी म्हणजे काय मांडो आहे, लग्नात गायला?"

"अरे, पण शब्द येणार नाही."

"आणि ती काय म्हणेल? पोदेर तमाशा घेऊन दारात आला." इनासनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू घरी जा, जाकीन. तू माझ्यासाठी फार केलंस."

पिदाद म्हणाली, "मी जाऊन येते. नेहमी जाते तशी. तू जाऊन वाढवशील."

"नेहमी तूच गेलीस," इनास म्हणाला. "आज मी."

सोड्याच्या जुन्या कारखान्यामागं भाड्याच्या खोल्यांची ओळ आहे. हनमव्वा दारात बसून ज्वारी निवडत होती. मुलगी आत निजली होती. इनास समोर येऊन उभा राहिला, टोपी काढली, आणि जे व्हायचं तेच झालं.

"घांटी!"

आजूबाजूच्या खोल्यांतून माणसं बाहेर आली. सगळी तिकडचीच, विजापूर, गदग, कोप्पळ. एका तरुणानं बाह्या सरसावल्या. हनमव्वानं त्याला कानडीत काही तरी सांगितलं. तो थांबला, पण आत गेला नाही.

"हनमव्वा, मी... घांटी! मी त्या दिवशी..."

तिनं सूप खाली ठेवलं. आता ती म्हणणार, राहू द्या पात्रांव, मला ठाऊक आहे. इनास त्या वाक्याची वाट बघत होता, कारण आयुष्यभर माफी तिथेच संपत आली होती. ती म्हणाली, "बोला. मी ऐकते आहे."

तो बोलला. मध्ये मान झटकत होती, शब्द येत होता, पुन्हा पुन्हा येत होता, आणि दर वेळी ती तो संपेपर्यंत थांबत होती आणि म्हणत होती, "पुढं." तो म्हणाला, मेणबत्तीचा मान तुला मी मनापासून दिला होता. तुझ्या पोरीसाठी मी पडवीत बसून रोज प्रार्थना करत होतो. तू माझ्या भट्टीत आलीस तेव्हापासून मला सकाळी उठावंसं वाटतं. माझ्या तोंडून जे आलं त्याची मला लाज वाटते, आणि ते परत येणार नाही असं वचन मला देता येत नाही, आत्ताही येतंय बघ, घांटी! मला माफ कर. त्याचा सदरा घामानं भिजला होता. वाक्य पुरं झालं तेव्हा त्याचं त्यालाच खरं वाटेना. शेवटपर्यंत कोणी त्याला थांबवलं नव्हतं.

हनमव्वानं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"लागलं मला," ती म्हणाली. "फार लागलं. सकाळी तुम्ही मला काय काय म्हणता, ते तुमच्या आजाराचं आहे, ते मी पिठाबरोबर चाळून टाकते. पण हा शब्द आजाराचा नाही, पात्रांव. हा मला बसमध्ये धडधाकट माणसं म्हणतात. पोर तापानं फणफणली होती, मी दवाखान्याच्या रांगेत उभी होते, तिथे मागच्या बाईनं म्हटलं. खुरसापाशी नाही म्हणणार कोणी, असं वाटलं होतं. तिथे माझी पोर माझ्या हाताला होती. तिनं घरी येऊन विचारलं, घांटी म्हणजे काय."

इनासच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुःखाचं होतं, पण नुसतं दुःखाचं नव्हतं. इतक्या वर्षांत शेकडो माणसांना त्यानं जखमा केल्या होत्या आणि प्रत्येकानं त्याला सांगितलं होतं, लागलं नाही रे, तू आजारी. दयेपोटीच सांगितलं होतं. पण लागलंच नाही म्हटल्यावर माफी कशाची मागायची? ज्याचं बोलणं कोणाला लागत नाही तो माणसांत कसा मोजायचा? साराफीन तेवढी पाव घेत नव्हती, तर तिच्या त्या बसकडे बघून त्याला आत कुठे तरी बरं वाटायचं, हे त्याला आत्ता कळलं. आणि ही बाई समोर बसून त्याला चारचौघांसारखी सांगत होती, लागलं.

"देव बरें करूं," तो म्हणाला. आमच्याकडे आभाराला हेच म्हणतात. "देव बरें करूं, हनमव्वा. सांगितलंस."

"मी माफ केलं म्हणणार नाही आज," ती म्हणाली. "आणि माझ्या रागातला तुमच्यावरचा निम्मासुद्धा नाही. तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी भट्टीकडे उघडते. तो शब्द तुमच्या तोंडात कुठून आला ते मला ठाऊक आहे. तुमचं तोंड तुमच्या हातात नाही, तरी तुम्ही आलात. ज्यांचं त्यांच्या हातात आहे, त्यांना पाठवा. मग राहायचं की जायचं, सांगते."

तो घरी आला तेव्हा पिदाद ओसरीवर वाट बघत उभी होती. त्यानं काही न वगळता सगळं सांगितलं. पिदाद आधी लाल झाली, मग पांढरी.

"मी? तिची पोर आजारी होती तेव्हा रोज पेज कोणी पाठवली? मी पाठवली. माझ्या हातानं."

"पाठवलीस. मी बघितलं, तू पोरीसाठी रडलीससुद्धा." इनास खुर्चीत बसला. "आणि पातेलं परत आलं की काय म्हणायचीस?"

पिदादनं नजर खिडकीकडे वळवली.

"घांट्यांचं पातेलं, कढत पाण्यानं धुते, म्हणायचीस. खिडकी उघडी होती, पिदाद."

"सगळेच म्हणतात," ती हळूच म्हणाली. "आई म्हणायची. त्यात वाईट नव्हतं माझ्या मनात."

"माझ्या मनात तरी होतं का?"

पिदादनं त्याला न्हाऊमाखू घातलं होतं, मास्तरांशी त्याच्यासाठी भांडली होती, ऐन जवानीतलं वैधव्य त्याच्या भट्टीपाशी घालवलं होतं. तिला असं काही ऐकवायची वेळ यावी, याचं इनासला फार वाईट वाटत होतं. पण हनमव्वानं त्याला जे दिलं ते पिदादला न देणं म्हणजे तिला फसवणं होतं, असंही वाटत होतं. शेवटी पिदाद उठली. आत जाऊन मिसेला जायचा झगा घालून आली, पायात चपला.

"काय सांगू तिला? माझं तर तोंड शाबूत आहे, मला काही सबब नाही."

"काही सांगू नकोस. लागलं का, एवढं विचार. ती खरं सांगते."

ती अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेली. इनास ओसरीवर उभा राहिला, त्याची मान झटकली, आणि संध्याकाळच्या त्या शांत वाडीत त्याचा आवाज घुमला. "घांटी!"

एरवी पिदाद मागे न बघता "हो रे, हो" म्हणायची. आज ती फाटकावर हात ठेवून थांबली. तिनं वळून भावाकडे बघितलं. आवाज त्याचा होता. शब्द तिचा स्वतःचा होता, पळी हातात धरून वळताना म्हटलेला, आणि तो बाहेरून कसा ऐकू येतो हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"ऐकलं," ती म्हणाली, आणि कारखान्याच्या दिशेनं चालायला लागली.

ती परत आली तेव्हा दिवे लागले होते. डोळे सुजलेले. ओसरीच्या पायरीवर तिनं चपला काढल्या आणि तिथेच बसली.

"सोमवारी येते म्हणाली. कामाला." मग थोड्या वेळानं, "सगळं सांगितलंन. तोंडावर. कधी काय बोलले ते माझ्यापेक्षा तिच्या जास्त ध्यानात आहे."

"मग?"

"मग काय? मी ऐकत बसले. काही नाही गो, लागलं नसेल, असं म्हणायला तोंड उघडलं, तर म्हणाली, बाय, आधी माझं होऊ द्या." पिदादनं झग्याच्या बाहीनं नाक पुसलं. "आणि निघताना मला चहा दिलान. मी प्याले."

इनासनं छातीवर खुरीस काढला. त्या रात्री त्यानं देवापुढे सगळ्यांत आधी कोणाचं नाव घेतलं, ते पिदादनं विचारलं नाही. तिलाही तेच घ्यायचं होतं.